सात मिनिटं, एक छत्री

बाकाची उंची : ४२ सेंटीमीटर

बसथांब्यावरच्या बाकाखाली एक माणूस आडवा पडला होता.

सकाळचे सव्वासात. पाऊस नुसता भुरभुरत होता. छत्री उघडावी तर लोक हसतील, मिटावी तर केस चिकटतील, असा. मी बसमधून उतरले आणि आधी दोन बूट दिसले. मग पँटवरचा चिखल. मग एक हात, आणि हातात काहीतरी चमकणारं.

"अहो… बरं नाही का वाटत?"

"बेचाळीस," बाकाखालून उत्तर आलं.

"वय नाही विचारलं मी."

"बाकाची उंची." तो सरपटत बाहेर आला. कानावर पेन्सिल, हातात लोखंडी टेप. "वय एकतीस. त्याला टेप लागत नाही."

"आणि बाकाला लागते?"

"पंचेचाळीस हवा हा. बेचाळीसवरून उठताना म्हाताऱ्या माणसाला गुडघ्यावर हात द्यावा लागतो."

"तुम्हाला कुणी सांगितलं मोजायला?"

"कुणी नाही. पाऊस थांबेपर्यंत वेळ होता."

तो गंभीरपणे बोलत होता, पण डोळ्यांच्या कडा हसत होत्या. मी छत्री उघडली. तिची एक काडी मोडलेली आहे, त्यामुळे एका बाजूने ती सशाच्या कानासारखी लोंबते.

"कुठे जायचंय?"

"काचेच्या कारखान्यात."

"मग चला. मीही तिकडेच. कान तुमच्या बाजूला, चालेल?"

"चालेल… भिजलेलं चालेल."

छत्री कुणी धरायची हा प्रश्नच आला नाही. एरवी उंच माणसाबरोबर चाललं की एक तर माझा हात दुखतो नाही तर त्याची मान. इथे दोन्ही डोकी एका पातळीत. उलट तोच किंचित खाली. एकदा त्याचं कोपर माझ्या कोपराला लागलं. दोघंही "सॉरी" म्हणालो आणि दोघंही बाजूला सरलो नाही.

वाटेत त्याने मला तीन गोष्टी सांगितल्या : जगातले बहुतेक दरवाजे चुकीच्या बाजूला उघडतात, त्याच्या आईला त्याच्या मोजण्याचा वैताग येतो, आणि मोडक्या काडीला तांब्याची तार बांधली तर ती आणखी दोन वर्षं टिकेल. मी त्याला काहीच सांगितलं नाही. मला ऐकायचंच होतं.

फाटकावर पहारेकऱ्याने विचारलं, "कुणाकडे?"

त्याने खिशातून कागद काढला. "भेदभाव तक्रार मंडळाकडून. क्रेनच्या जागेची तक्रार आहे ना, त्यासाठी तज्ज्ञ मोजणीदार."

मी कागदाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"ती तक्रार…" मी म्हणाले, "मीच केलीय."

त्याने कागद खिशात ठेवला. मग एक पाऊल मागे गेला. छत्रीबाहेर, पावसात. घड्याळाकडे पाहिलं.

"सात मिनिटं," तो हळूच म्हणाला. "हे मला लिहावं लागेल."


रेघ : दवाखान्याच्या दारापासून दीड हात

आमच्याकडे काच होते. दुकानांच्या दर्शनी भिंतींना लावतात तसली, माणसाहून मोठी. ती हातांनी उचलली तर हातही जातात आणि काचही. म्हणून क्रेन. क्रेनच्या पोटाला रबरी वाट्या असतात, त्या काचेला चिकटतात आणि काच तरंगत निघते. वर एकतीस पायऱ्या चढून केबिन. तिथे मामा बसतात. मामा कुणाचेच मामा नाहीत, म्हणून सगळ्यांचे.

खाली मी. यंत्रांच्या आवाजात वरच्याला काही ऐकू येत नाही, म्हणून मी हातांनी खुणा करते. तळहात समोर : थांब. तर्जनी वर, गोल गोल : उचल. चार बोटं स्वतःकडे, अलगद : जवळ आण. सहा वर्षं. मामा वरून म्हणतात, "मी कुठला क्रेन चालवतो, तूच चालवतेस. मी नुसता बसतो."

मामा या वर्षी निवृत्त होणार. जागा निघाली. मी परीक्षा दिली, पहिली आले. मग दवाखान्यात पाठवलं.

दवाखान्याच्या भिंतीवर एक लाल रेघ आहे. क्रेनवर जायचं तर डोकं रेघेला लागलं पाहिजे. नियम एकशे साठ सेंटीमीटरचा. नर्सने माझ्या डोक्यावर वही ठेवली, रेघेकडे पाहिलं आणि म्हणाली, "दोन सेंटीमीटर कमी गं… वाईट वाटतं."

रेघेशेजारी कंपनीचं मोठं पोस्टर आहे. सात-आठ माणसं गळ्यात गळे घालून हसतायत. खाली लिहिलंय : इथे सगळ्यांना जागा आहे.

मी पोस्टरकडे पाहिलं, रेघेकडे पाहिलं, आणि हिशोब केला. कारखान्यात आम्ही तेवीस बायका. रेघेला फक्त एकीचं डोकं लागतं. ती नर्स. आणि तिला जिना चढला तरी गरगरतं.

कायदा मी ग्रंथालयात बसून वाचला. त्यात असं आहे : नियम सगळ्यांना सारखा असला, तरी त्यातून जर बहुतेक बायकाच गळत असतील, तर कामाला तो नियम खरंच लागतो हे कंपनीने दाखवून द्यायचं. मी तक्रार लिहिली. मंडळाने एक मोजणीदार पाठवला. दोन्ही बाजूंपैकी कुणाचाच नसलेला. कुणाकडून चहासुद्धा न घेणारा.

आणि मी त्याला छत्रीत घेऊन आले होते.


तक्रारदाराचं माप : तीन वेळा घेतलं

(जागा : गोदामाची भिंत. साक्षीला आमचे व्यवस्थापक साहेब, स्टुलावर, मोबाइलसह. मापाव्यतिरिक्त बोलायला मनाई.)

"पायांत काही नको."

"मोजेही काढू?"

"मोजे… राहू देत."

"तुमचे कान लाल झालेत."

"टाचा भिंतीला. नजर समोर."

"समोर तुम्ही आहात."

"मग जरा डावीकडे."

"डावीकडे साहेब आहेत."

साहेबांनी मान वर केली. "काय झालं?"

"काही नाही साहेब. माप चाललंय."

त्याने लाकडी गुण्या माझ्या डोक्यावर टेकवला. इतका हलका, की केसांना कळला, मला नाही. त्याचा श्वास थांबलेला होता. माप घेताना तो श्वास रोखतो, हे मला तेव्हा कळलं.

"एकशे एकसष्ट."

"चुकलं," मी म्हणाले. "एकशे अठ्ठावन्न. रेघेला दोन कमी पडतात मला."

"टेप चुकत नाही."

"मग टेपवाला चुकला असेल. लक्ष कुठे होतं?"

त्याने पुन्हा मोजलं. पुन्हा एकशे एकसष्ट. तिसऱ्यांदा तो खाली बसला, टेपचं टोक जमिनीला लागलंय का ते बोटाने चाचपलं, आणि वर पाहिलं. खालून वर. असं माझ्याकडे कुणी कधी पाहिलं नव्हतं. एरवी सगळे वरून खालीच बघतात.

"एकशे एकसष्ट," तो म्हणाला. यावेळी फार हळू.

मग उठला आणि तडक दवाखान्याकडे निघाला. साहेब मागे, मी त्यांच्या मागे. त्याने रेघेला टेप लावली, वहीत आकडा लिहिला आणि वही मिटली.

पण मला उलटं वाचता येतं. सहा वर्षं काचेच्या पलीकडून अक्षरं वाचतेय.

एकशे त्रेसष्ट.


केबिन : पायऱ्या ३१, माणसं तीन, जागा एकाची

दुसऱ्या दिवशी केबिन मोजायची होती. साहेब पहिल्या पायरीपाशी थांबले. "तुम्ही व्हा पुढे. मी खालून साक्षीला आहे."

वर मामा, तो आणि मी. श्वास घ्यायचा तरी एकमेकांना विचारून घ्यावा लागेल एवढी जागा. तो गुडघ्यांवर बसून पेडल मोजत होता. मी खिडकीला पाठ लावून उभी. त्याच्या मानेवर एक छोटा तीळ आहे. हे माप कुठल्या रकान्यात लिहायचं, मला माहीत नाही.

"मामा," तो खालूनच म्हणाला, "ही पावलं कुणाची?"

"कसली पावलं?"

मामांच्या बुटांखाली एक फळी होती. दोन बोटं जाड, तेलाने काळी पडलेली. मामांनी पाय उचलले. फळीवर पिवळ्या रंगात दोन पावलांच्या आकृत्या होत्या. पुसट झालेल्या, टाचा जवळजवळ.

"ती होय! दवाखान्यातली," मामा मजेत म्हणाले. "अकरा वर्षं झाली. ही क्रेन नवी आली, तर माझे पाय पेडलला पोचेनात. लोंबकळतोय आपला, पाळण्यातल्या पोरासारखा. दवाखान्यात ही फळी पडलेली भिंतीला लागून. फरशी तिथे उतरती आहे ना, म्हणून माप घेताना पायाखाली ठेवायचे. मी म्हटलं, काय करायचीय त्यांना…"

बोलता बोलता मामांचं तोंड उघडं राहिलं.

रेघ आखली तेव्हा माणूस फळीवर उभा होता. फळी गेली, रेघ राहिली. अकरा वर्षं सगळे जमिनीवर उभे राहून फळीवरच्या माणसाची उंची गाठायला बघत होते.

त्याने फळी मोजली. "तीन सेंटीमीटर."

"पोरी…" मामांचा आवाज चिरकला. "तुझे तीन सेंटीमीटर माझ्या पायाखाली होते गं."

मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी मामांच्या खांद्यावर हात ठेवला.

तो मात्र थांबला नव्हता. खुर्चीखाली हात घालून काहीतरी शोधत होता. "मामा, तेलाचं डबडं आहे का?"

"असेल तिथेच. का?"

थोडं तेल, थोडी खटपट, एक शिवी (अगदी सभ्य). आणि कट्ट. खुर्ची मामांसकट पुढे सरकली. आणखी एक कट्ट, आणि खुर्ची खाली आली.

"ही… ही हलते?" मामा दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसले होते.

"पुढे-मागेही आणि वर-खालीही. पहिल्या दिवसापासून. खटका गंजला होता."

"अकरा वर्षं मी फळीवर पाय ठेवून…"

"आणि एकही काच फोडली नाहीत, मामा," मी म्हणाले.

"एक फुटली होती," मामा प्रामाणिकपणे म्हणाले. "पण ती शिंकेमुळे."

तो हसला. पहिल्यांदाच मोकळा, दात दिसतील असा. त्या एवढ्याशा केबिनमध्ये ते हसू जाणार कुठे? ते माझ्याचकडे आलं.

मग त्याला आठवलं, तो कोण आहे ते. त्याने पेन्सिल कानावर ठेवली आणि खाली उतरू लागला. एकतीस पायऱ्या, एकदाही मागे न पाहता.


सहीची जागा : कागदाच्या तळाशी, उजवीकडे

अहवाल आला. साहेबांनी मला बोलावलं. त्यांच्या दारावर आता दोन पाट्या आहेत : व्यवस्थापक, आणि खाली नवी, समावेश अधिकारी.

"बसा, बसा. अहो, केवढी गंमत! नियम आहे एकशे साठचा, तुम्ही आहात एकशे एकसष्ट. फळीचा घोळ सगळा. आजच फळी जागेवर ठेवायला सांगितलीय. सोमवारपासून केबिन तुमची!"

माझ्या कानांत क्रेनच्या भोंग्यासारखं काहीतरी वाजलं. केबिन माझी!

"फक्त इथे सही करा. तक्रार मागे घेतली म्हणून. आता राहिलंच काय तक्रारीत?"

"आणि रेघ?"

"राहील की. फळीसकट."

"अहवालात खुर्चीचंही आहे, साहेब. ती सरकवली तर एकशे पंचेचाळीसच्या माणसालाही क्रेन चालवता येते. म्हणजे एकशे साठ तरी कशाला?"

साहेबांनी पेनचं टोपण काढून ते माझ्याकडे सरकवलं. "तुमचं काम झालं ना? उद्यापर्यंत विचार करा."

विचार करायला मी घरी गेले. ताई भांडी पुसत होती.

"सही कर आणि मोकळी हो," ताई म्हणाली. "सहा वर्षं हात हलवतेयस खाली उभी राहून."

"हं."

"आणि खटला संपला की तो टेपवालाही मोकळा."

"कोण टेपवाला?"

"बघ बाई. या आठवड्यात तीनदा सांगितलंस मला, बाक पंचेचाळीसचा हवा म्हणून."

मी भांड्यांच्या कपाटाकडे तोंड केलं. ताईला पाठ वाचता येते.

खरं होतं तिचं. सही केली तर केबिन मिळेल, आणि तोही कुणाच्या बाजूचा नसलेला माणूस राहणार नाही. नुसता माणूस होईल. बसथांब्यावर भेटेल. चहा घेईल. एका सहीत दोन्ही.

सकाळी पॅकिंग विभागात गेले. तिथे चिमणी असते. तिचं खरं नाव तिच्याशिवाय कुणाला आठवत नाही. एकशे एक्कावन्न. माझ्या सगळ्या खुणा तिला पाठ आहेत, माझ्यापेक्षा सुबक करते. जेवणाच्या सुट्टीत एकदा ती मला म्हणाली होती, "वरून काच कशी दिसत असेल गं? पाण्यासारखी?"

"कळलं मला," ती खोक्याला पट्टी चिकटवत म्हणाली. "तू बसलीस रेघेत. पेढे… नको, चॉकलेट दे."

"आणि तू?"

"मी काय! फळीवर फळी ठेवली तरी माझं डोकं रेघेला लागायचं नाही. शिडी लागेल मला." ती हसली. मग पट्टी तोडायला दात लावले आणि बराच वेळ मान वर केली नाही.

दुपारी जिन्यात तो भेटला. सुनावणीआधी मापं एकदा पडताळायला आला होता. मी वर, तो तीन पायऱ्या खाली.

"मला सही करायला सांगतायत."

"मला त्यावर बोलता येणार नाही."

"मग मापावर बोला. मी सही केली तर काय मोजायचं उरेल?"

तो टेप उघडत होता, मिटत होता. सर्रर्र… खट.

"तुम्हाला काय हवंय?" मी विचारलं. "म्हणजे… मोजणीदाराला नाही. तुम्हाला."

"ते मी सांगितलं," तो अगदी सावकाश म्हणाला, "तर तुम्ही ते धरून ठरवाल. आणि मग ते तुमचं राहणार नाही."

"तुम्ही फार अवघड माणूस आहात."

"हो. आईही तेच म्हणते."

तो निघाला. दोन पायऱ्या गेला आणि न वळता म्हणाला, "काडीला तार बांधलीत का?"

"नाही."

"बांधा. पावसाळी हवा आहे."

मी सही केली नाही. कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला, कोरा, पेनच्या टोपणासकट. साहेब म्हणाले, "हरलात तर अहवालही बाद, मग क्रेनही जाईल, लक्षात आहे ना?" लक्षात होतं. मी तशीच खाली कामावर गेले.


सुनावणीची नोंद : पाने ११ ते १३

(जागा : कारखान्याचं भोजनगृह, म्हणजे क्रेन बघता यावी. मध्यभागी मंडळाचे अध्यक्ष. कंपनीतर्फे वकीलबाई.)

वकीलबाई : तुमच्या अहवालात पहिल्या पानावर एक रकाना आहे. पक्षकाराशी पूर्वपरिचय. तिथे काय लिहिलंय, वाचता का?

मोजणीदार : "सात मिनिटं, एक छत्री."

(भोजनगृहात हशा.)

वकीलबाई : छत्री कुणाची?

मोजणीदार : तक्रारदाराची.

वकीलबाई : काय बोललात सात मिनिटांत?

मोजणीदार : दरवाजे. माझी आई. छत्रीची काडी.

वकीलबाई : त्यानंतर?

मोजणीदार : मापं. साक्षीदारांसमोर. जिन्यात एकदा एकटे भेटलो. दोन मिनिटं. त्यांनी मत विचारलं, मी दिलं नाही. तेही पुरवणीत लिहिलंय.

वकीलबाई : सरळच विचारते. तक्रारदार बाई तुम्हाला आवडतात का?

नोंदीत यापुढे "(शांतता)" एवढंच आहे. नोंद करणाऱ्याला माझे हात दिसत नव्हते. मी टेबलाखालून तळहात समोर धरला होता. थांब. आमची पहिली खूण. थांब, बोलू नकोस, नाही म्हण, काहीही म्हण. तुझ्या एका शब्दावर माझी क्रेन आहे.

त्याने माझा हात पाहिला. खूण त्याला कळते, चार दिवस त्याने माझं काम बघितलंय. त्याने पाहिलं, आणि…

मोजणीदार : हो.

अध्यक्ष : काय म्हणालात?

मोजणीदार : हो. आवडतात. चुकीचा आकडा मला देता येत नाही, साहेब. विचारलं नसतं तर सांगितलं नसतं.

वकीलबाई : मग या अहवालावर विश्वास का ठेवायचा?

मोजणीदार : ठेवू नका.

(मोजणीदार आपली टेप वकीलबाईंच्या टेबलावर ठेवतात.)

मोजणीदार : तुम्ही मोजा. मी बाहेर उभा राहतो. आकडा माणूस बघून बदलत नाही.

तो खरंच बाहेर गेला. काचेच्या दारापलीकडे, पाठ आमच्याकडे करून उभा राहिला.

आता सगळं संपलं, एवढंच माझ्या डोक्यात. आणि त्याच वेळी, त्याच डोक्यात, बारीकसं, निर्लज्जपणे : हो म्हणाला. हो म्हणाला. हो.

तेवढ्यात मागून बाक सरकल्याचा आवाज झाला. मामा उभे राहिले होते.

"आधी मला मोजा, बाई," मामा म्हणाले. "मला कुणी कधी मोजलंच नाही. मी लागलो तेव्हा रेघ नव्हती."

वकीलबाईंनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी मान डोलावली. मामा बूट काढून भिंतीला उभे राहिले, शाळेतल्या मुलासारखे ताठ. त्यांच्या मोज्याला भोक होतं. वकीलबाईंनी स्वतः टेप धरली.

"एकशे सत्तावन्न," त्या म्हणाल्या.

"अकरा वर्षं या क्रेनवर," मामा म्हणाले. "त्याआधी जुनीवर तेरा. उंची लागत असेल तर मला आजच खाली उतरवा."

साहेब भोजनगृहातही लावलेल्या त्या पोस्टरकडे बघत बसले.

"पुढे मी!" हे चिमणी. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती एकतीस पायऱ्या धावतच चढली. तिच्यामागे वकीलबाई, टाचेचे बूट हातात घेऊन. त्यांच्यामागे अध्यक्ष, दर दहा पायऱ्यांना थांबत. आम्ही सगळे खाली माना वर करून उभे.

यंत्रं बंद होती, म्हणून वरून आधी ऐकू आलं, कट्ट. मग आणखी एकदा, कट्ट. मग वकीलबाईंचा आवाज. आवाजात नाराजी नव्हती, हे मला आठवतंय. होतं ते नवल.

"पोचतात. दोन्ही पाय पोचतात. आणि खालच्या वाट्या… हो, त्याही पूर्ण दिसतात."

मग चिमणीचा आवाज, सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल असा :

"पाण्यासारखीच दिसते गं!"


वाट पाहणं : २९ दिवस

निकाल लागेपर्यंत त्याने एकही शब्द पाठवला नाही. मीही नाही. नियम होता. अठ्ठावीस दिवस मी बसमधून उतरले की बाकाखाली पाहायचे. एकदा मांजर होतं.

छत्रीच्या काडीला तांब्याची तार मी आठव्या दिवशी बांधली.

एकोणतिसाव्या दिवशी कागद आला. भाषा कोरडी, वाक्यं लांबलचक. मला त्यातली दोनच पाठ आहेत : "सदर उंचीची अट कामासाठी आवश्यक असल्याचे कंपनी दाखवू शकली नाही." आणि शेवटचं, बहुधा अध्यक्षांनी स्वतः घातलेलं : "रेघ पुसण्यात यावी."

ती पुसायला मामांनी हट्टाने स्वतः बादली घेतली. रंग चिवट होता, पुसट गुलाबी डाग राहिलाच. फळी त्यांनी घरी नेली, निवृत्तीची भेट म्हणून. पाय ठेवायला नाही, भिंतीवर लावायला.

दुसऱ्या दिवशी मी केबिनमध्ये बसले. खुर्ची दोन कट्ट पुढे. खाली माझ्या जागी चिमणी, हात तयार. परीक्षेचा अर्ज तिने सकाळीच भरला होता. पहिली काच उचलली तेव्हा खिडकीतून आलेलं सगळं आभाळ तिच्यात शिरलं आणि हळूच डुललं.

काच खाली टेकवली, यंत्रं क्षणभर थांबली, आणि मी फाटकाकडे पाहिलं.

तो तिथे उभा होता. आत येत नव्हता. आता त्याचं इथे कामच नव्हतं. भुरभुर सुरू झाली होती आणि त्याच्याकडे अर्थातच छत्री नव्हती. त्याने वर पाहिलं. मग उजवा हात उचलला, चार बोटं स्वतःकडे वळवली. अलगद, चुकत चुकत, नवशिक्यासारखी.

जवळ आण.

चिमणीने मागे वळून त्याला पाहिलं, मग मला पाहिलं, आणि खालून ओरडली, "खूण चुकीची नाहीये बरं का! मी तपासली!"


संध्याकाळी मी बस सोडून दिली. थांब्यापर्यंत जायचं आणि परत फाटकापर्यंत यायचं, असं ठरलं. कारण त्याला म्हणे पहिल्या दिवसाची वाट नीट आठवत नव्हती. आकडे तोंडपाठ असलेला माणूस!

"खोटं," मी म्हणाले.

"हो," तो म्हणाला. "पहिलंच. जमलं का?"

"अजिबात नाही."

थांब्यावर त्याने सवयीने वाकून बाकाकडे पाहिलं. "बेचाळीसच. अर्ज दिलाय मी."

"उभा राहा इकडे," मी म्हणाले. "पाठीला पाठ लाव."

"कशाला?"

"सगळ्यांना मोजलंस. तुला कोण मोजणार?"

तो निमूट उभा राहिला. मी हात सपाट धरून माझ्या डोक्यावरून मागे नेला. हात त्याच्या डोक्यावरून तसाच पुढे गेला, केसांना ओझरता लागून. पाठीमागे त्याचा श्वास थांबला होता. माप घेतानाचा.

"दोन सेंटीमीटर कमी," मी म्हणाले. "रेघ असती तर गेला असतास."

"मग…" त्याचा आवाज पाठीतून आला. "तक्रार करू?"

"कर की. तज्ज्ञ कुणाला बोलावशील?"

"तुला. पण पूर्वपरिचयाच्या रकान्यात फार लिहावं लागेल."

मी वळले. छत्री उघडली. तार बांधलेली बाजू त्याने बोटाने चाचपली, एकदा, दोनदा. मग दांडा धरायला हात पुढे केला. माझा हात तिथे आधीच होता. त्याने तो काढायला लावला नाही.

थांब्यापासून फाटकापर्यंत सात मिनिटांची वाट आहे. त्या संध्याकाळी आम्हाला बावीस मिनिटं लागली.

त्याचं घड्याळाकडे लक्ष नव्हतं. मी मोजली.